तुम्ही विचारलंत म्हणून : सायकॉलॉजिस्ट व्हायला नक्की काय शिकावं लागतं?

बारावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. बहुतेक वेळा आई बोलते, कधी मामा, कधी कॉलेजातले सर. "मॅडम, पोरगी सायकॉलॉजी करतो म्हणतीय. किती वर्षं लागतात? सोलापुरात होतं का? पुढं काय मिळतं?" तिन्ही प्रश्न एका दमात येतात आणि फोनवर मी देते ती उत्तरं नेहमी अर्धवट राहतात. मी सोलापुरातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. या वाटेनं चालून आले आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

आधी एक घोळ मिटवू. सायकिऍट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. तो एमबीबीएस डॉक्टर असतो, त्यावर तीन वर्षांचं एमडी करतो आणि औषधं लिहून देतो. ती वाट बारावी सायन्स आणि नीटची आहे. सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. चाचण्या घेणं, निदानाला मदत करणं आणि बोलण्यातून, वागण्यातले बदल घडवून उपचार करणं हे आमचं काम. या वाटेला सायन्स लागत नाही. अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतलंच पाहिजे असंही नाही, घेतलं असेल तर चांगलं. मुलगी कॉमर्सची असली तरी बीएला मानसशास्त्र घेऊ शकते.

बीए सोलापुरात होतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी जोडलेल्या शहरातल्या काही कला महाविद्यालयांत हा विषय आहे. फी परवडते, घरचं जेवण मिळतं, आणि तीन वर्षं मुलीला आपल्याला हे खरंच आवडतंय का ते कळतं. यासाठी पहिल्याच वर्षी पुण्याला खोली करून राहायची मला गरज वाटत नाही. फक्त संख्याशास्त्राचं आधीच सांगून ठेवते. गणित नको म्हणून आर्ट्सला आलेल्या मुली प्रमाण विचलन आणि सहसंबंध आले की गांगरतात. मेंदू, मज्जासंस्था, संप्रेरकं हेही शिकावं लागतं. 'मला लोकांशी बोलायला आवडतं' एवढ्यावर हा विषय पार पडत नाही. दुसरं म्हणजे पेपर मराठीतून लिहिला तरी इंग्रजी पुस्तकं वाचायची सवय बीएपासूनच लावा, कारण पुढच्या प्रवेश परीक्षा इंग्रजीत असतात.

बीएनंतर दोन वर्षांचं एमए किंवा एमएस्सी. नव्या शैक्षणिक धोरणानं चार वर्षांची ऑनर्स पदवी आणली आहे, ती केलेल्यांना पुढे एका वर्षात एमए करता येतं. निवडायला मिळालं तर क्लिनिकल सायकॉलॉजी हा विशेष विषय असलेलं एमए निवडा. इथपर्यंत पाच वर्षं झाली. पुष्कळ जण इथेच थांबतात, दारावर पाटी लावतात आणि माणसं तपासायला बसतात. मला या सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते इथून पुढचंच.

एमए झालेल्या मुलीला माणसाच्या मनाबद्दल पुष्कळ माहिती असते, पण समोर बसलेल्या माणसाचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. ते कुणाच्या तरी हाताखालीच शिकावं लागतं. म्हणूनच कायद्यानं ती अट घातली आहे. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे सगळे जिला आरसीआय म्हणतात ती संस्था, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही एकतर परिषदेनं मान्य केलेल्या संस्थेतली पात्रता मागते, नाहीतर एमएवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही देखरेखीखालच्या रुग्णालयीन प्रशिक्षणासह. नुसत्या पीएचडीवर ही नोंदणी होत नाही. नावामागे डॉक्टर लागलं की लोक गृहीत धरतात, पण पीएचडी ही संशोधनाची पदवी आहे.

एमफिलची ती दोन वर्षं कशी असतात ते सांगते, कारण माहितीपत्रकात ते कळत नाही. सकाळी ओपीडी. रुग्ण येतो, बरोबर बायको किंवा भाऊ. प्रशिक्षणार्थी तासभर बसून हिस्टरी घेते आणि वरिष्ठांना नेऊन दाखवते. तिनं लिहिलेलं असतं, 'रुग्णाला झोप येत नाही.' वरिष्ठ तिथेच थांबवतात. झोप लागायला वेळ लागतो, की लागलेली मध्येच मोडते, की पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग डोळा लागत नाही? पहाटेची जाग नैराश्यात विचारलीच पाहिजे अशी खूण आहे. रुग्ण कारखान्यात रातपाळीला जातो का? चहा किती घेतो, तंबाखू किती? झोपेचं कुणी सांगितलं, त्यानं की बायकोनं? दोघांचं सांगणं जुळतं का? मुलगी परत ओपीडीत जाते, परत विचारते, परत लिहिते. असं दिवसामागून दिवस चालतं, तेव्हा कुठे कान तयार होतो. मरणाचे विचार येतात का, हे न घाबरता, न चाचरता कसं विचारायचं, तेही तिथेच शिकतात. वर्गात त्या प्रश्नाचा सराव होऊ शकतो, पण उत्तर 'हो' आलं तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, त्यासाठी शेजारी जाणतं माणूसच लागतं.

चाचण्यांचंही तसंच. लहान मुलांसाठी सेगुइन फॉर्म बोर्ड नावाची जुनी चाचणी आहे. लाकडी पाट, त्यात दहा आकारांच्या खाचा : चांदणी, वर्तुळ, अर्धवर्तुळ, त्रिकोण, षटकोन वगैरे. ठोकळे काढून समोर रचून ठेवायचे आणि मुलानं ते लवकरात लवकर आपापल्या खाचेत बसवायचे. तीन वेळा करून घेतात आणि सगळ्यात कमी वेळ धरतात. बघायला सोपी वाटते. पण जाणकार माणूस घड्याळाकडे कमी आणि मुलाच्या हाताकडे जास्त बघतो. चांदणी चुकीच्या खाचेत दाबत राहतो, की एकदा अडल्यावर हात मागे घेऊन फिरवून बघतो? दुसऱ्या वेळी आधीची चूक टाळतो का? हे आकड्यात उतरत नाही, अहवालात मात्र उतरायला हवं.

आता आपल्या गावाचा विचार करा. पूर्व भागातला पद्मशाली घरातला मुलगा घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठी, गल्लीत हिंदी. अक्कलकोटकडून आलेल्या मुलाचं घर कन्नड. अशा मुलाला मराठी शब्दांचे अर्थ विचारले आणि तो गप्प बसला, तर गुण कमी पडणारच. त्याच मुलापुढे तो लाकडी पाट ठेवला की हात भराभर चालतात. ज्याला या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचता येत नाहीत, तो त्या मुलाला मतिमंद ठरवून मोकळा होतो. हा बुद्ध्यांकाचा आकडा प्रमाणपत्रावर चढला की शाळा बदलते, घरच्यांची नजर बदलते, आणि तो खाली उतरवणं फार अवघड असतं. बिने-कामत चाचणीतले कामत यांनी १९३४ साली परदेशी बुद्धिचाचणीचं रूपांतर केलं, ते मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी. आर्थर मालिन यांनी नागपुरात बसून भारतीय मुलांसाठी चाचण्या बसवल्या. आपल्या मुलांना परक्या मापानं मोजू नये ही काळजी या लोकांनी इतक्या आधी घेतली होती. म्हणून सोलापुरात हे काम करायचं असेल तर तेलुगू किंवा कन्नड कामापुरती शिका, असं मी प्रत्येकीला सांगते. कुठल्याही डिप्लोमाइतकंच ते महत्त्वाचं आहे.

एमफिलचं सध्याचं चित्र नीट समजून घ्या, कारण इथे फसायला होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ च्या नियमांनी एमफिल ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांना मात्र २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत वाढवून दिली, कारण देशात ही माणसं आधीच कमी आहेत. परिषदेच्या मान्यतेनं सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही पदवीही काही ठिकाणी आहे, आणि एमफिलच्या जागी नवी रचना बसते आहे. नियम बदलत असताना एजंट आणि जाहिराती जोरात असतात. त्यामुळे आज बारावी झालेल्या मुलीला मी एमफिलचा जुना हिशोब सांगत नाही. एवढंच सांगते की ती प्रवेश घ्यायच्या वर्षी आरसीआयच्या संकेतस्थळावर जाऊन तीन गोष्टी बघा : संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे. 'मान्यता लवकरच येणार आहे' असं कुणी म्हणालं तर पैसे भरू नका.

या शिक्षणासाठी बहुतेकींना सोलापूर सोडावं लागतं. बंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही जुनी, नावाजलेली ठिकाणं. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, जागा मोजक्याच असतात, एमएला साधारण ५५ टक्के लागतात, राखीव गटांना सवलत असते. काही सरकारी संस्थांत प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळतं, हे पुष्कळ आईवडिलांना माहीतच नसतं आणि खर्चाच्या धास्तीनं ते आधीच नाही म्हणतात. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही तर ते वर्ष वाया गेलं असं मानू नका. विशेष मुलांच्या शाळेत, व्यसनमुक्ती केंद्रात, एखाद्या मनोविकारतज्ज्ञांकडे मदतनीस म्हणून काम केलेली मुलगी पुढच्या मुलाखतीत वेगळीच उठून दिसते.

प्रत्येकीनं क्लिनिकललाच जावं असं माझं म्हणणं नाही. एमए आणि समुपदेशनाचा चांगला डिप्लोमा करून शाळेत समुपदेशक होता येतं. नेट-सेट करून शिकवता येतं. कंपन्यांच्या एचआर विभागात औद्योगिक मानसशास्त्राला जागा आहे. ज्यांना घरोघरी, वस्तीत जाऊन काम करायचं आहे त्यांनी एमएसडब्ल्यू करून मनोविकार समाजकार्याचा विचार जरूर करावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टरबरोबर सायकॉलॉजिस्ट आणि समाजकार्यकर्ता असे दोघंही लागतात.

लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या बायका मला वेगळा प्रश्न विचारतात : "घरी बसून एमए करता येईल का?" काही वर्षांपूर्वीपर्यंत मुक्त विद्यापीठातून सायकॉलॉजीचं एमए करणाऱ्या कितीतरी जणी इथे होत्या. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगानं मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेल्या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. या बायकांसाठी मला फार वाईट वाटतं. त्यातल्या काही जणींना माणसं समजून घेण्याची उपजत देणगी होती आणि त्यांच्यासाठी तेवढंच एक दार उघडं होतं. तरीही निर्णयामागचं कारण मला पटतं. प्रात्यक्षिकाशिवाय हा विषय पदरात पडत नाही. अशा बाईला मी गावातल्या कॉलेजात नियमित प्रवेश घ्यायला सांगते, वयाची लाज न बाळगता. शेजारी विशीतल्या मुली बसल्या तर बसू द्या.

शनिवार-रविवारच्या कोर्सबद्दल मात्र मी गप्प बसत नाही. दोन दिवसांत समुपदेशक, दहा दिवसांत संमोहनतज्ज्ञ, वर रंगीत सर्टिफिकेट. ते घेणाऱ्या मुली भल्या असतात, मदत करायचीच त्यांची इच्छा असते. पण आत्महत्येचा विचार मनात घेऊन आलेल्या माणसाला 'सकारात्मक विचार करा' असं सांगून घरी पाठवलं तर काय होऊ शकतं, हे त्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. आपलं काम कुठे संपतं आणि या माणसाला आज, आत्ता सिव्हिलला न्यायचं आहे हे कधी ओळखायचं, ते शिकायला वर्षं लागतात. 'समुपदेशक' या पाटीला आज कडक अटकाव नाही. त्यामुळे स्वतःच्या घरच्या माणसाला नेतानाही पाटीवरचं वाचून थांबू नका. समोरच्याला नोंदणी क्रमांक विचारा. ज्यानं रीतसर शिक्षण घेतलं आहे त्याला त्याचा राग येत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. लवकर पैसा हवा असेल तर ही वाट लांबची आहे. बारावीनंतर सात वर्षं सहज जातात, आणि सुरुवातीचे पगार त्या वर्षांच्या मानानं कमीच असतात. पुण्या-मुंबईत फी जास्त मिळते हेही खरं. पण तिथे दर चौकात कुणीतरी बसलेलं आहे. इथे मोहोळ-मंगळवेढ्याहून लोक सकाळची एसटी धरून येतात. विडी वळणाऱ्या बायका येतात, छातीत धडधडतं म्हणून आधी दोन-चार डॉक्टरांकडे ईसीजी काढून झालेला असतो. दहावीच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळावा म्हणून वाचनाची अडचण असलेल्या मुलांचे पालक येतात. शिकून परत येणाऱ्या मुलीला इथे काम कमी पडणार नाही, हे मी खात्रीनं सांगते.

एवढं वाचूनही काही विचारायचं असेल तर शनिवारी दुपारी क्लिनिकवर या. फी नाही. फक्त मुलीला बरोबर आणा, आणि प्रश्न तिला विचारू द्या.