नीरा डाव्याच्या भरावावरून

आमच्या भागातले रस्ते गेल्या काही वर्षांत इतके सुधारले की सायकल चालवायला जागाच उरली नाही. माउलींचा पालखी मार्ग चौपदरी, तुकोबांचा चौपदरी, आणि त्यांना जोडणाऱ्या आडरस्त्यांवरही आता गाड्या ऐंशीच्या खाली उतरत नाहीत. वारकऱ्यांना वर्षातून एकदा पोलीस रस्ता मोकळा करून देतात, आम्हाला कोण देणार? म्हणून डांबर सोडलं आणि पाटावर, म्हणजे कालव्याच्या काठाने, गेलो.

नीरा गावातून निघालो, ते नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून थेट बारामती. रस्त्याने हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. कालव्याने बरंच जास्त भरतं, कारण कालव्याला घाई नसते. १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी हा कालवा काढला. वीरपाशी नीरा नदीचं पाणी वळवून ते उतारानेच पूर्वेकडे न्यायचं, मध्ये कुठे चढवायचं नाही, एवढा एकच हिशोब. त्यामुळे समोर टेकाड आलं की कालवा त्याला वळसा घालतो, ओढा आला की मागे सरकून, बांधकामावरून पाणी पलीकडे नेऊन पुन्हा पुढे येतो. देखभालीसाठी त्याच्या काठाने जो मुरमाचा रस्ता केला, तोही आपसूकच तसाच वळणावळणाचा आणि सपाट. सायकलच्या घड्याळात चढाईचा आकडा दिवसभर हलत नाही. घाटात हौसेने धाप टाकणाऱ्या मंडळींना हे कमीपणाचं वाटेल. मला अजिबात वाटत नाही.

वाहनं नसण्याचं कारणही ह्या वळशांतच आहे. पाटाचा रस्ता गावांच्या कडेकडेने जातो, गावात शिरत नाही. ज्याला कुठे वेळेवर पोचायचंय तो इकडे येतच नाही. भेटतात ते मोटर चालू करायला निघालेले मोटरसायकलवाले, वैरणीचे भारे, शेळ्या, आणि शाळा सुटली की पोरं.

निंबूतच्या पुढे एका पुलावर एक आजोबा बसले होते. टोपी, हातात काठी, शेजारी दुधाची रिकामी किटली.

“पाव्हणं, रस्ता चुकला का?”

“नाही बाबा, बारामतीला चाललोय.”

“मग हिकडनं कशाला? रोड हाय की तिकडं, चांगला!”

“रोडवर गाड्या लई.”

त्यांनी सायकलीकडे पाहिलं, टायर दाबून पाहिलं. “ह्या काठानं जाऊ नका. फुडं काटं टाकल्यात. पल्याडनं जावा.”

पाटावरच्या प्रवासात सगळ्यात उपयोगाची माहिती हीच असते: कोणता काठ. दोन्ही काठांनी सायकल जाते असं नकाशात दिसतं, पण कालव्याच्या देखभालीला येणाऱ्या साहेबांची जीप जाते तो काठ वेगळा आणि बाभळींनी गिळलेला काठ वेगळा. पूल आला की थांबायचं, माणूस दिसला की विचारायचं. उपग्रहाच्या फोटोत रस्ता कितीही स्वच्छ दिसू दे, त्यावर काल कुणी कुंपणासाठी वेडी बाभूळ तोडून टाकलीय हे त्याला कळत नाही.

मी आजोबांचं ऐकलं, तरी काट्याने गाठलंच. बाभळीचा काटा मागच्या टायरमध्ये शिरला तो बोटाच्या पेराएवढा, तिरका, आणि टोक आत मोडलेलं. ट्यूबलेस टायर, आत पातळ डिंकासारखं द्रव. भोकातून पांढरा फेस बुडबुडत आला, दोन फेऱ्यांत तो घट्ट झाला आणि हवा थांबली. काटा तिथेच ठेवला. उपटला असता तर तासभर गेला असता. ट्यूबवाली सायकल असेल तर जास्तीच्या ट्यूब घ्या, दोन म्हणत असाल तर चार घ्या. टायर चाळीस मिलिमीटरचा तरी हवा आणि हवा कमीच ठेवावी. महागडी ग्रॅव्हल बाइक लागत नाही. साधी एमटीबी (माउंटन बाइक) ह्या रस्त्याला पुरून उरते.

आणखी एक गंमत म्हणजे पाइपलाइनी. कालव्यातून पाणी उचलणाऱ्यांनी रस्त्याखालून आडवे पाइप पुरलेत आणि वर मुरमाचा उंचवटा केलाय. दर थोड्या अंतराने एक. पहिले काही मौजेचे वाटतात, पुढे कंबर बोलायला लागते.

पण ज्यासाठी पुन्हा जावंसं वाटतं ते वेगळंच. पूर्वेकडे तोंड करून चाललं की उजव्या हाताला, खालच्या अंगाला, नदीपर्यंत ऊस. भरावावरून उसाचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत येतात, मध्येच केळी, मका, हिरव्यात हिरवं. डाव्या हाताला, कालव्याच्या वरच्या अंगाला, पिवळं गवत, खडक, खुरटी बाभळ आणि धनगराची मेंढरं. मध्ये काही मीटर रुंदीचं पाणी. पाणी वर चढत नाही म्हणून भिजलं ते खालचं, राहिलं ते वरचं. बागायत आणि जिरायत हे शब्द शाळेत वाचले होते, त्यांची हद्द इथे सायकलच्या चाकाखाली लागते. आता वरच्या बाजूलाही पंप लावून पाणी चढवलंय, त्यामुळे डावीकडे मध्येच एखादी डाळिंबाची बाग दिसते. तरी जवळजवळ दीडशे वर्षांमागे आखलेली ती रेघ पुसलेली नाही. जमिनीचे भाव, घरांची उंची, दारातल्या गाड्या, सगळं ह्या काठाहून त्या काठाला बदलतं.

काही ठिकाणी कालव्याला सिमेंटचं अस्तर आहे, काही ठिकाणी जुना मातीचा काठ. अस्तर केलं की पाण्याची गळती कमी होते, म्हणून पाटबंधारे खात्याला ते हवं. त्याच पाझरावर काठच्या विहिरी भरतात, म्हणून शेतकऱ्याला नको. सायकलवाल्याच्या स्वार्थाचं विचाराल तर मातीच्या काठावर झाडं टिकतात, सावली मिळते, खंड्या आणि वेडे राघू दिसतात. सिमेंटच्या तुकड्यात दुपारी नुसती भाजणी होते. आवर्तन चालू असेल, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असेल, तर ह्या अस्तरावरून हात धुवायलासुद्धा उतरू नका. शेवाळावरून पाय सटकला तर धरायला काही नाही, आणि पाण्याला दिसते त्यापेक्षा ओढ जास्त असते.

सोमेश्वरनगरच्या अलीकडे साखर कारखान्याचा वास आधी येतो, धुराडं मागाहून दिसतं. गाळप हंगामात इथे पाटावरची शांतता थोडी मोडते. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जवळची वाट म्हणून मध्येच भरावावर चढतात. त्यांना आधी वाट द्यायची, वाद घालायचा नाही. बैलगाडीवाल्याच्या मागे बायको-पोरं बसलेली असतात, बहुतेक बीडकडची, आणि पहाटेपासून जागी. वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे ही गावं बाजूने मागे पडतात. चहाला गावात उतरलात तर पाच मिनिटांचा चहा अर्ध्या तासाचा होतो, कारण सायकलची किंमत विचारली जाते. मी दरवेळी कमी सांगतो, तरीही “एवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती” हे ऐकावं लागतं.

बारामतीत कालवा गावाच्या मधून जातो, काठ सुशोभित केलेत, फिरणाऱ्यांची गर्दी असते. तिथे उतरून सायकल हातात धरून चालणं बरं.

ज्याला डावीकडचा कोरडा भाग जवळून बघायचाय त्याने मुक्काम करून दुसऱ्या सकाळी मोरगाव-सुपे बाजूच्या माळावर जावं. मोरगावच्या गणपतीचं दर्शन, मग पाणंदींनी, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटांनी, सुप्याकडे. मयूरेश्वर अभयारण्य इथलंच, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, गवताचं आणि चिंकाऱ्यांचं. आत सायकल दामटायची गरज नाही. सकाळी लवकर गेलं तर बाहेरच्या शिवारातही चिंकारा दिसतो, आधी कान, मग वळून पाहणारं तोंड, मग नुसती धूळ.

जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात मुरूम टिकतो, पण पाणंदींतली काळी माती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात माळावर दहानंतर कुणी थांबू नये. पाणी वाहत्या कालव्याकाठी असलात तरी पिण्याचं सोबतच न्या. येताना पुणे-मिरज लोहमार्गावर नीरा स्टेशन आहे, पण गाडीत सायकल घेतात का हे आधी विचारून ठेवा. आणि मोबाइलचा नकाशा उघडायच्या आधी पुलावरच्या माणसाला काठ विचारा.