मृत्युपत्रातला ‘इश्यू’

सोलापूरच्या कोर्टात भाषांतराला कोणत्या भाषेतला कागद येईल याचा नेम नसतो. मोडीतली खरेदीखतं, अक्कलकोटकडची कानडी, मराठवाड्याच्या शिवेवरच्या गावांची निजामाच्या काळातली उर्दू. माझ्याकडे फक्त इंग्रजी येतं, आणि त्या इंग्रजीत मला सगळ्यात जास्त छळणारा शब्द म्हणजे ‘इश्यू’. नोटीस इश्यू झाली म्हणजे निघाली. दिवाणी दाव्यात न्यायाधीश इश्यू फ्रेम करतात, ते वादमुद्दे. पासपोर्टावर इश्यूची तारीख, मासिकाचा इश्यू म्हणजे अंक, कंपनी शेअरचा इश्यू आणते. लॅटिनमधल्या ‘बाहेर पडणे’ या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द, म्हणून जे जे बाहेर पडतं ते इश्यू. आणि कायद्याच्या जुन्या इंग्रजीत इश्यू म्हणजे पोटची संतती.

त्या दिवशी एका वकिलांनी ज्या बाईंना पाठवलं, त्या निवृत्त शिक्षिका. मराठी ख्रिस्ती कुटुंब. आजोबांनी स्वातंत्र्याच्या आधी इंग्रजीत टाइप करून घेतलेलं मृत्युपत्र. सात रस्त्याजवळचं घर मुलाला, आणि मुलगा ‘विदाउट लीव्हिंग इश्यू’ वारला तर पुतण्याला. मुलगा गेला, मागे एकच लेक, म्हणजे ह्या बाई. पुतण्याच्या नातवंडांनी घरावर दावा लावला होता. आधार होता एका जुन्या मराठी भाषांतराचा, त्यात लिहिलं होतं: ‘माझा मुलगा निपुत्रिक वारल्यास’.

निपुत्रिक. बोलताना आपण मूलबाळ नसलेल्यालाच निपुत्रिक म्हणतो, पण शब्द फोडला की पुत्रच मोजला जातो. वादींचे वकील नेमकं तेच म्हणत होते: मुलगा नव्हता, म्हणजे अट पूर्ण झाली. वकिलांकडच्या एका नव्या पोराने तो परिच्छेद मोबाइलवर टाकून पाहिला होता. उत्तर आलं, ‘कोणतीही समस्या न सोडता मरण पावल्यास’. अशी भाषांतरं हल्ली शिक्का मारून कोर्टात दाखल होतात आणि कुणी वाचतही नाही, याची मला मनापासून चीड येते.

माझी पद्धत ठरलेली आहे. मूळ कागदाच्या प्रत्येक ओळीला पेन्सिलीने क्रमांक द्यायचा, एकच शब्द जिथे जिथे आला तिथे खूण करायची, आणि मगच पहिलं वाक्य लिहायचं. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटलेला, मागून जुनी चिकटपट्टी. तिसऱ्या पानावर खूण केली आणि थांबले. तिथे शेतजमिनीबद्दल लिहिलं होतं, ती जाणार होती पुतण्याच्या ‘मेल इश्यू’ला. म्हणजे मृत्युपत्र लिहिणाऱ्याला फक्त मुलगे हवे होते तिथे त्याने ‘मेल’ घातलं होतं. घराच्या कलमात ते नाही. जुन्या भाषांतरात मात्र एका ठिकाणी ‘निपुत्रिक’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पुत्रसंतती’. दोन वेगळ्या गोष्टी सरसकट पुत्रात नेऊन बसवल्या होत्या.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ९९ मी वकिलांना काढून दाखवलं. मृत्युपत्रात ‘चिल्ड्रन’ म्हणजे फक्त पहिल्या पिढीतली मुलं, आणि ‘इश्यू’ म्हणजे त्या माणसाचे सगळे थेट वंशज. लेक त्यात येते, लेकीची लेकरंही येतात.

बाई हे सगळं शांतपणे ऐकत होत्या. मग पिशवीतून त्यांनी किंग जेम्सचं इंग्रजी बायबल काढलं, वडिलांचं. त्यात दोन कागदाचे कपटे घातलेले. एक मत्तयाच्या ९ व्या अध्यायात, बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्ट. दुसरा २२ व्या अध्यायात, सात भावांची गोष्ट, ज्यातला पहिला मूलबाळ न होता मरतो. दोन्हीकडे शब्द ‘इश्यू’. बाई म्हणाल्या, “अगं, एकच पुस्तक, एकच शब्द. इथे रक्त, इथे लेकरू. आम्हाला हे शाळेत असताना पप्पांनी शिकवलं.” मी इतकी वर्षं या शब्दाशी झगडते आहे, पण ही जोडी मला कुणी दाखवली नव्हती.

घराच्या कलमात मी ‘मागे कोणतीही संतती न ठेवता’ लिहिलं, जमिनीच्या कलमात ‘पुरुष संतती’. वकिलांचा आग्रह होता की ‘मुलगा अथवा मुलगी’ असं स्पष्ट टाका. मी नाही म्हटलं. मूळ कागदावर नाही ते भाषांतरात येणार नाही. तो त्यांनी करायचा युक्तिवाद आहे, माझा नाही. ते बरेच चिडले. बाई चिडल्या नाहीत, पण जाताना त्यांनी विचारलं, “ज्यांनी आधी ते निपुत्रिक लिहिलं, त्यांना माहीत होतं का गं, घरात एक मुलगी आहे?”

ते भाषांतर कुणी केलं याची नोंद कागदावर नाही, खाली नुसती वाचता न येणारी सही. मुद्दाम केलं की सवयीने, हे मला अजून ठरवता येत नाही. साक्षीला मला बोलावणार आहेत. उलटतपासणीत ‘निपुत्रिक म्हणजे काय’ हा प्रश्न नक्की येईल, तेव्हा घराचं कलम आणि तिसऱ्या पानावरचं जमिनीचं कलम शेजारीशेजारी वाचून दाखवायचं ठरवलं आहे.