अपुऱ्या मूर्तींच्या वाटेवर: नाक्सोस, पारोस, अथेन्स

ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाच्या उत्तर टोकाला अपोलोनास नावाचं छोटंसं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला रस्त्यालगत पायऱ्या आहेत. त्या चढून गेलं की उघड्या डोंगरउतारावर एक अवाढव्य पुरुषमूर्ती उताणी पडलेली दिसते. लांबी साडेदहा मीटरहून जास्त, वजन साधारण ८० टन. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात ती खाणीतच घडवायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली. नाक-डोळे अजून उमटलेले नाहीत. हनुवटीखाली दाढीचा फुगवटा तेवढा कळतो. त्या दाढीमुळेच हा अपोलो देवाचा नसून मद्याचा देव डायोनिसस याचा पुतळा असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

ग्रीक शिल्पकला बघायला निघालेल्या माणसाने सुरुवात इथून करावी असं मला अगदी मनापासून वाटतं. संग्रहालयातल्या पूर्ण मूर्तीवर कारागिराने आपल्या हाताच्या सगळ्या खुणा पुसून टाकलेल्या असतात. इथे त्या जागच्या जागी आहेत. मूर्तीच्या अंगभर टोकदार छिन्नीचे खळगे आहेत, एकमेकांना खेटून, हजारोंनी. हात फिरवला की देवीचे व्रण लागावेत तसे ते बोटांना जाणवतात. या काळातले कारागीर छिन्नी दगडावर जवळजवळ काटकोनात धरत आणि वर हातोडा मारत. त्या घावाने दगडाचा पापुद्रा उडत नाही, स्फटिक चिरडतात आणि त्यांचा चुरा होतो. नाक्सोसचा संगमरवर जाड्या कणांचा, त्यामुळे काम फारच सावकाश चालायचं. मूर्तीच्या चारही बाजूंनी एकेक थर उतरवत आत जायचं, कुठल्याही एका बाजूला घाई करायची नाही. त्या काळचे तरुण पुरुषांचे पुतळे असे ताठ, समोरून बघायचे आणि बाजूने बघायचे असे का वाटतात, याचं निम्मं उत्तर या पद्धतीत आहे. नजरेची रीत होतीच, पण चौकोनी ठोकळ्यावर चार बाजूंनी रेखाटन करून आत शिरणाऱ्या छिन्नीचंही ते रूप आहे.

मूर्ती खाणीतच का घडवायची? वजन कमी करायला. डोंगरातून ठोकळा सोडवण्यासाठी त्याच्याभोवती चर खणत, मग नको असलेला दगड तिथेच उडवत, म्हणजे समुद्रापर्यंत ओढायचा भार हलका होई. या मूर्तीला भेगा गेलेल्या आहेत. बहुधा त्या दिसल्यावरच काम थांबलं असावं. बेटाच्या आतल्या भागात फ्लेरिओला अशाच आणखी दोन अपुऱ्या मूर्ती आहेत. त्यातली एक झाडांच्या सावलीत आहे आणि तिचा पाय मोडलेला आहे. वाट वाकडी करून जावं इतकी ती जागा रम्य आहे.

अपोलोनासहून परतताना डोंगरातल्या कोरोनोस आणि आपेरांथोस या गावांवरून रस्ता येतो. हा कुरुंदाचा मुलूख. काळपट, जड दगड, आणि तो उतरवून बंदरावर नेणाऱ्या जुन्या हवाई दोरमार्गाचे लोखंडी खांब अजून उभे आहेत. संगमरवराची कठिणता मोजपट्टीवर ३ धरली तर शुद्ध कुरुंदाची ९ भरते. म्हणजे संगमरवर घासून गुळगुळीत करायला याच्याइतकं चांगलं द्रव्य नाही, आणि ते संगमरवराच्याच बेटावर निघालं. लोखंडी छिन्नी येण्याच्या कितीतरी आधी, इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकात, या बेटांवर हात बांधून उभ्या असलेल्या त्या चपट्या, सुंदर मूर्ती घडल्या, त्या मुख्यतः घासून. इथलं यश मी कारागिरांइतकंच भूगर्भालाही देईन.

शेजारच्या पारोसला बोटीने फार वेळ लागत नाही. तिथला सगळ्यात उंची संगमरवर डोंगराच्या पोटातून, भुयारं खणून, दिव्याच्या उजेडात काढत. खाणीचं तोंड आजही बघता येतं. आत उतार निसरडा आहे, चांगली विजेरी आणि पक्के बूट हवेत. भिंतीला विजेरी टेकवली की दगडाच्या आत उजेड शिरलेला दिसतो. या दगडाची सारी किंमत त्यात आहे. प्रकाश पृष्ठभागावरच अडत नाही, थोडा आत जाऊन परततो, म्हणून गाल आणि खांदे दगडी वाटत नाहीत. समोथ्रेसची पंखवाली विजयदेवता याच दगडाची, आणि ती ज्या जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभी आहे ते मात्र ऱ्होड्सच्या करड्या दगडाचं. दोन दगडांमधली ही निवड विचार करून केलेली आहे.

अथेन्समध्ये दगड बदलतो. पार्थेनॉन हे अथेना देवीचं मंदिर (इ.स.पू. ४४७–४३२) पेंतेली डोंगराच्या संगमरवराचं आहे. त्यात लोहाचा अंश असल्याने उन्हापावसात त्यावर मधासारखी छटा चढते. दुरुस्तीसाठी त्याच डोंगराचा नवा दगड बसवलाय, तो पांढराशुभ्र दिसतो. हा फरक अनेकांना खटकतो. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण मूळ कुठलं आणि भर कुठली हे लगेच कळतं.

मंदिरावरच्या शिल्पांपर्यंत हत्यारंही बदललेली होती. इ.स.पू. सहाव्या शतकात दातेरी छिन्नी आली. ती तिरपी धरून चालवता येते आणि दगडाला इजा न करता वळणाभोवती फिरते. वस्त्रांच्या खोल चुण्यांसाठी दोरीने फिरवायचं गिरमिट वापरत. जवळजवळ भोकांची ओळ पाडायची आणि मधल्या भिंती छिन्नीने उडवायच्या. चुणीच्या तळाशी वाकून बघा, कधीकधी ती भोकं राहून गेलेली सापडतात.

आणि रंग. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातली फ्रासिक्लेइया बघितल्यावर पांढऱ्या ग्रीक मूर्तींची कल्पना मनातून निघून जाते. पारोसच्या संगमरवराची ही तरुण मुलगी. घडवणाऱ्याचं नाव बैठकीवर कोरलेलं आहे, पारोसचा अरिस्तिऑन. ती बराच काळ जमिनीत पुरलेली होती, १९७२ साली सापडली, म्हणून वस्त्रावरचा तांबडा रंग आणि नक्षी टिकली. गेरू, हिंगूळ, निळं ताम्रखनिज, शिवाय तांबं, चुना आणि वाळू भाजून बनवलेला इजिप्शियन निळा, अशी ही सामग्री. इजिप्शियन निळा डोळ्यांना दिसेनासा झाला तरी विशिष्ट कॅमेऱ्यात चमकतो, आणि त्या चमकेमुळे पार्थेनॉनच्या शिल्पांवरही त्याचे अंश सापडले आहेत. रंग धुऊन गेलेली मूर्ती आपण सौंदर्याचा आदर्श मानत आलो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

याच संग्रहालयात आर्तेमिसिऑनचा कांस्यपुतळा आहे. उंची २.०९ मीटर, काळ इ.स.पू. ४६० च्या सुमाराचा. १९२६ आणि १९२८ साली तो समुद्रातून तुकड्यांनी वर आला. हा देव झ्यूस असो की पोसायडन, त्याचे दोन्ही हात असे फैलावलेत की संगमरवरात ते स्वतःच्याच वजनाने मोडले असते. कांस्य आतून पोकळ असतं. आधी मातीचा नमुना करायचा, त्यावरून तुकड्यातुकड्यांचा साचा घ्यायचा, साच्याला आतून मेणाचा पातळ थर द्यायचा, पोटात मातीचा गाभा भरायचा. मग बाहेरून पुन्हा माती लिंपून भट्टीत तापवायचं. मेण वाहून जातं आणि त्या फटीत वितळलेलं तांबं-कथील ओततात. हात, पाय, डोकं वेगवेगळं ओतून नंतर जोडत. ओतताना बुडबुड्यांनी पडलेली छिद्रं चौकोनी ठिगळं ठोकून बुजवत.

डेलॉस बेटावरचा दियादुमेनोस, म्हणजे डोक्याला फीत बांधणारा तरुण, हाही इथेच आहे. शिल्पकार पोलिक्लेइतोसच्या कांस्यमूर्तीची ही नंतरची संगमरवरी नक्कल. त्याच्या पायाशी एक झाडाचा बुंधा आहे. मूळ मूर्तीला त्याची गरज नव्हती. दगडाला आधार लागतो म्हणून तो आला. संग्रहालयांतून फिरताना असे बुंधे दिसले, की त्यामागे हरवलेली कांस्यमूर्ती असण्याची शक्यता धरून चाला.

हरवलेली, कारण धातूला नेहमीच गिऱ्हाईक असतं. बहुतेक कांस्यमूर्ती नंतरच्या शतकांत वितळवल्या गेल्या. समुद्रात बुडाल्या त्यांतल्या काही वाचल्या. संगमरवराचं मात्र उलट झालं. १९०० साली स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेलं जहाज सापडलं. त्यातल्या एका मुलाच्या संगमरवरी मूर्तीचा जो भाग वाळूत गाडलेला होता, तो आजही तुकतुकीत आहे. उघडा राहिलेला भाग दगड पोखरणाऱ्या समुद्री जिवांनी इतका खाल्लाय की ओळखू येत नाही. तिला समोरून पाहून पुढे जाऊ नका, पूर्ण वळसा घालून बघा.