तरस, बिबट्या की सायाळ?

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली होती, की आपल्या कामाविषयी लिहावे, पण ते आठवीतल्या मुलामुलींना कळले पाहिजे. माझे काम सांगायला सोपे आहे. उत्खननात किंवा गुहेत सापडलेल्या हाडांवर दातांच्या खुणा असतील, तर त्या कोणाच्या दातांच्या आहेत हे ठरवायचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकताना मी प्राण्यांच्या अवशेषांकडे वळले आणि तेव्हापासून भिंग व बाजूने तिरपा उजेड टाकणारा दिवा ही माझी मुख्य हत्यारे झाली आहेत.

सुळ्याचे किंवा दाढेचे टोक पातळ अथवा सच्छिद्र हाडात घुसले तर छिद्र पडते, नळीसारख्या टणक भागावर मात्र तोच दात नुसता खळगा पाडून थांबतो आणि घसरला तर ओरखडा उठवतो. ओरखड्याचा तळ बहुधा गोलसर असतो. दगडी पात्याने मांस कापताना उमटलेली रेघ अरुंद, इंग्रजी 'व्ही'सारखी असते आणि भिंगाखाली तिच्या आत आणखी बारीक समांतर रेषा दिसतात. हा फरक थोड्या सरावाने नवख्यालाही जमू लागतो. खरी अडचण पुढची आहे. एकाच जनावराचा एकच दात सच्छिद्र टोकावर मोठी आणि टणक नळीवर लहान खूण करतो, शिवाय निरनिराळ्या प्राण्यांच्या खुणांची मापे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एकट्या खळग्याची लांबी मोजून 'हा बिबट्या' असे कोणी सांगू लागला तर मी त्याच्याकडे संशयानेच पाहते.

म्हणून खुणेपेक्षा अख्खे हाड आधी पाहावे लागते: कोणता भाग उरला आहे आणि कोणता नाहीसा झाला आहे. तरसाच्या दाढा हाड फोडण्यासाठीच घडलेल्या असतात. तो सांध्याकडची मऊ, चरबीयुक्त टोके खाऊन टाकतो आणि मागे दोन्ही बाजूंनी उघडी, काठांवर खळगे पडलेली नळी राहते. त्याच्या पोटातून बाहेर पडलेले तुकडे आम्लाने झिजून कडांना पातळ व गुळगुळीत झालेले असतात आणि हाडांतल्या चुन्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. बिबट्याच्या दाढा मांस कातरण्यासाठी असतात, त्यामुळे तो लांब हाडे पुष्कळदा तशीच सोडतो आणि त्याच्या खुणा थोड्या, बहुधा मऊ भागांवर आढळतात. सायाळ तर मांसाहारीही नाही, पण खनिजांसाठी ती वाळलेली हाडे ओढून बिळात नेते आणि पटाशीच्या दातांनी कुरतडते. तिचे रुंद, सपाट तळाचे, शेजारी शेजारी पडलेले चर एकदा पाहिले की विसरत नाहीत. गुहेत हाडांचा ढीग दिसला म्हणजे तिथे वाघच राहत होता असे मानणाऱ्यांनी सायाळीचा विचार आधी करावा.

आमचे विज्ञानाचे सर प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' या दोन मथळ्यांच्या बाबतीत फार कडक होते. निरीक्षणाखाली अनुमानातला एक शब्द जरी शिरला तरी ते लाल शाईने खोडत आणि पान पुन्हा लिहायला लावत. तेव्हा त्याचा कंटाळा येई. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या एका वादाविषयी वाचताना मात्र मला ते मथळेच दिसू लागले. माकापान्सगाट येथील गुहेत शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांना दंडाच्या हाडाची कोपराकडची टोके शेकड्यांनी मिळाली, खांद्याकडची त्या मानाने मोजकीच. ही निवड माणसाच्या पूर्वजांनी हत्यारांसाठी केली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. गुहांतल्या जीवाश्मांचे अभ्यासक बॉब ब्रेन यांनी नामिबियात कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांवर माणसांनी खाऊन टाकलेल्या आणि कुत्र्यांनी चघळलेल्या बकऱ्यांची हाडे गोळा करून मोजली, तर तिथेही तसाच कल दिसला. कोपराकडचे टोक लवकर पक्के होते व घट्ट असते, खांद्याकडचे उशिरा जुळते आणि सच्छिद्र असते, म्हणून ते आधी संपते. कोणी काही निवडलेले नव्हते, दातांना जे पेलले नाही तेवढेच उरले होते. जमिनीवरची चघळलेली हाडे उचलून मोजण्याचे हे काम कोणाला क्षुद्र वाटेल, पण माझ्या मते या विषयातले ते सर्वांत देखणे काम आहे.

ब्रेन यांचेच दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्स गुहेत सापडलेल्या, माणसाच्या कुळातल्या एका बालकाच्या कवटीला मागच्या बाजूला दोन छिद्रे आहेत आणि त्याच गुहेतून निघालेल्या बिबट्याच्या जबड्याचे खालचे सुळे त्यांत बरोबर बसतात. बिबट्याने डोके तोंडात धरून शिकार ओढत नेली असावी आणि गुहेच्या तोंडाशी असलेल्या झाडावरून उरलेली हाडे खाली पडली असावीत, असे चित्र त्यांनी मांडले. सुळ्यांमधले तेवढे अंतर इतर मोठ्या मांसाहारी प्राण्यांतही येऊ शकते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही दोन छिद्रे, त्यांतले अंतर आणि जबड्याशी पडणारा मेळ हे निरीक्षण पक्के आहे, बिबट्या हे त्यावरचे बळकट अनुमान आहे आणि झाड हे त्याहून पुढचे.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी बकऱ्याच्या हाडांची एक पेटी पाठवीत आहे. त्यातली काही हाडे कुत्र्याने चघळलेली आहेत, काही उंदराने कुरतडलेली आहेत आणि काहींवर सुरीच्या खुणा आहेत. सर्व हाडे उकळून स्वच्छ केलेली आहेत. प्रत्येकावर फक्त क्रमांक आहे, उत्तरांचा कागद वेगळ्या पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांकडे दिला आहे आणि सोबत दहा पट मोठे दाखवणारी भिंगे ठेवली आहेत. उजेड हाडावर सरळ पाडू नये, बाजूनेच पाडावा, नाहीतर उथळ खळगे दिसत नाहीत.