कंट्रोलची पिल्लं उजळली तेव्हा

ल्युमिनोमीटर या उजेड मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा पाहून मी नळी बाहेर काढली, पुसली, पुन्हा आत ठेवली. आकडा तोच. स्क्विडची जी पिल्लं काळोखीच राहायला हवी होती, ती प्रकाश देत होती. आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी उजेड देणाऱ्या जिवाणूंशिवाय ठेवलेला गट, उजळला की अख्खा प्रयोग गेला.

हवाईयन बॉबटेल स्क्विड हा आपल्याकडच्या माकुळाचा लांबचा, बुटका नातेवाईक. पूर्ण वाढला तरी जेमतेम तीन सेंटिमीटर. दिवसभर वाळूत पुरून बसतो, रात्री कोळंबी मारतो. होनोलुलूच्या किनाऱ्यावर रात्री गुडघाभर पाण्यात उतरून, डोक्याला टॉर्च लावून आम्ही तो जाळीने धरतो. त्याच्या अंगात खालच्या बाजूला एक प्रकाश-इंद्रिय असतं आणि त्यात व्हिब्रिओ फिशरी हे जिवाणू राहतात. उजेड त्यांचा, तो किती सोडायचा हे मात्र स्क्विड शाईच्या पिशवीच्या आडोशाने ठरवतो. वरून येणाऱ्या चांदण्याशी उजेड जुळला की खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला त्याची सावली दिसत नाही.

पिल्लू मात्र हे जिवाणू घेऊन जन्मत नाही. अंड्यातून ते संध्याकाळी बाहेर पडतं, मोहरीच्या दाण्याएवढं, आणि आई कधीच निघून गेलेली असते. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात दहा लाखांच्या आसपास जिवाणू; त्यांतून नेमके हेच त्याला मिळावे लागतात. आमच्या कंट्रोलच्या वाट्यांत गाळलेलं पाणी होतं, म्हणजे तिथे ते मिळायचा प्रश्नच नव्हता.

मग आले कुठून? पहिला संशय फिल्टरवर. पण सगळ्याच वाट्या उजळल्या नव्हत्या. वहीतल्या नोंदी लावून पाहिल्या. आदल्या संध्याकाळी पाणी घातलेल्या वाट्या काळोख्या, सकाळी घातलेल्या उजळलेल्या. सकाळची पाळी नव्या विद्यार्थ्याची होती. गाळलेलं पाणी संपलं म्हणून त्याने मोठ्या स्क्विडच्या टाकीशेजारचा, त्याच टाकीतून भरलेला पाण्याचा जग उचलला होता. ‘‘समुद्राचंच तर पाणी आहे,’’ तो म्हणाला. बरोबरच होतं. फक्त वेळ भलतीच होती.

पहाट होऊन उजेड पडला की मोठा स्क्विड आपल्या इंद्रियातले नव्वद-पंचाण्णव टक्के जिवाणू बाहेर टाकतो, रोज. उरलेले दिवसभरात वाढून संध्याकाळपर्यंत जागा पुन्हा भरतात. टाकीवरचे दिवे सकाळी लागतात आणि त्यानंतर लगेच जग भरला गेला होता. हे सगळं मी अनेकदा वाचलं होतं, लोकांना सांगितलंही होतं. पण कुणीतरी डोळ्यांसमोर ते सिद्ध करून ठेवलं होतं आणि तेही नकळत. खरं सांगायचं तर रागापेक्षा मजाच जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून मुद्दाम तेच केलं. दिवे लागण्याआधी एक जग, नंतर एक जग. पाण्यातले जिवाणू बशीत वाढवून अंधारात बघण्यात अर्थ नव्हता. इथल्या स्क्विडमधले हे जिवाणू बाहेर वाढवले तर इतके मंद असतात की डोळ्यांना काही दिसत नाही. इंद्रियात दाटीवाटीने भरले की मगच ते खरे पेटतात. म्हणून ताजी पिल्लंच दोन्ही पाण्यांत सोडली. नंतरच्या पाण्यातली जवळजवळ सगळी उजळली, आधीच्या पाण्यातली बहुतेक काळोखीच राहिली.

खाडीतही हेच चालत असणार. जिथे हे स्क्विड जास्त, तिथल्या पाण्यात हे जिवाणूही जास्त सापडतात. आई काही मागे ठेवत नाही असं आपण म्हणतो, पण वस्तीतले मोठे स्क्विड रोज सकाळी पिल्लांच्या पाण्यात विरजणच घालत असतात.

त्या तुकडीचे आकडे आम्ही बाद केले. पिल्लं मात्र ठेवली. जिवाणू एकदा आत बसले की त्यांना आत ओढायला मदत करणारी इंद्रियाबाहेरची केसाळ टोकं चार-पाच दिवसांत झडून जातात. ती झडताना पाहायला विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवला. त्या पाण्याच्या जगावर आता लाल चिकटपट्टी आहे.