नववा लागला म्हणून बाळाचं हलणं कमी होत नाही
नववा लागला की जो तो म्हणतो, आता काय बाळ तयारच आहे, फक्त दिवस भरायचेत. मला हे अजिबात पटत नाही. ३५ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच असतं, म्हणजे केवढी वाढ अजून बाकी! फुफ्फुसं जन्मानंतर श्वास सोडताना मिटू नयेत म्हणून लागणारा पातळ थर याच काळात पुरेसा होतो, अंगावर चरबी चढते, लोहाचा साठा होतो, आणि वारेतून आईच्या अँटीबॉडीज सगळ्यात जास्त आत्ताच जातात. म्हणूनच तर कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत सिझेरियनची तारीख घेऊ नका म्हणतात.

आपलं शरीरही काही बसून नसतं. रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं, जिना चढताना धाप लागते, आडवं पडलं की घशाशी जळजळ. बाळाचं डोकं खाली सरकलं की श्वास जरा मोकळा होतो पण मग बाथरूमच्या फेऱ्या वाढतात.

रात्री डाव्या कुशीवर पडले की ओटीपोटाशी एका लयीत टुक टुक सुरू होतं, ती बाळाची उचकी, आणि मधूनच उजव्या बरगडीखाली टाच अशी रुतते की हात लावून बाजूला ढकलावीशी वाटते. हे सगळं इतकं सांगतेय कारण "शेवटी जागा उरत नाही म्हणून बाळ कमी हलतं" हे मी खूप जणींकडून ऐकलंय आणि ते चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, फटकन लाथ बसण्याऐवजी पूर्ण पोट एका बाजूला कलतं, पण हालचाल कमी व्हायला नको, अगदी कळा सुरू झाल्यावरसुद्धा. किती वेळा हलायला हवं असा सगळ्यांना लागू होणारा आकडा नाही, तुमच्या बाळाची रोजची सवय तुम्हालाच माहीत असते.

ती बदलली, कमी वाटलं, तर प्लीज सकाळपर्यंत थांबू नका. गार पाणी पिऊन बघू, घरच्या मशीनवर ठोके ऐकू, यात वेळ घालवू नका, ठोके ऐकू आले म्हणजे सगळं ठीक असं नसतं. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, याचंही तेच. लगेच फोन करा आणि जा. सगळं नीट निघालं तर घरी या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी वाटलं तर पुन्हा जा, कोण काय म्हणेल याचा विचार न करता.