दरवर्षी राजगडच का? तुम्ही विचारलंत म्हणून

नोव्हेंबर लागला की वहिनी सुरू होते, "लग्नाच्या वाढदिवसाला यंदा तरी कुठे चांगल्या ठिकाणी जा गं." लेकीने गेल्या वर्षी महाबळेश्वरचं हॉटेलच बुक केलं होतं, पैसे बुडाले. ऑफिसातल्या मुलींचं वेगळंच, "मॅडम, किती रोमँटिक! पहिल्यांदा राजगडावर भेटलात का?" नाही गं बायांनो. पहिल्यांदा आत्याकडे भेटलो, कांदेपोहे खात. लग्न 11 डिसेंबर 1994 चं. पुढच्याच रविवारी हा मला गडावर घेऊन गेला, कारण बायकोला दुसरीकडे कुठे नेतात हे याला माहीतच नव्हतं. मी नव्या चपला घालून चढले. संपलं रोमँटिक.

तुम्हाला हवंय ते उत्तर 2001 चं आहे.

मंगळवार होता. रजा टाकून गेलो होतो, गडावर चिटपाखरू नव्हतं. दोन वर्षांची लेक सासूबाईंपाशी. मला बँकेत बढती मिळाली होती, पण नागपूरला. हो की नाही ते कळवायला आठ दिवस होते आणि माझं काहीच ठरलं नव्हतं. पद्मावती तलावाच्या काठी डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडता मोडता हा म्हणाला, "तुझ्या दादाला सांगून टाकलं मी, ती काही जाणार नाही म्हणून."

मग विषय बदलायला याने पुरंदरचा तह काढला. 1665 साल, 23 किल्ले दिले, 12 राखले, राखलेल्यांत राजगड. दरवर्षी सांगतो. मी विचारलं, "आणि माझे किती राहिले?" तर म्हणतो, "तू ना, प्रत्येक गोष्ट स्वतःवर ओढून घेतेस."

एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. मी सॅक उचलली आणि चालू लागले. चोर दरवाजाची मला भीती वाटते हे याला पक्कं ठाऊक, म्हणून मी मुद्दाम तिथूनच उतरले. वाकून त्या भोकातून बाहेर पडायचं आणि मग तो कातळ, कधी बसून सरकत, कधी तोंड खडकाकडे करून. उजवा तळहात सोलवटला. हा थोड्या वेळाने शोधायला निघाला तो पाली दरवाजाने, पायऱ्यांच्या वाटेने. ही घाबरट, सोप्या वाटेनेच गेली असणार, असा त्याचा हिशोब. म्हणजे मी पायथ्याच्या गुंजवणे गावात आणि हा डोंगराच्या पार पलीकडे. मोबाइल दोघांकडेही नव्हता.

अंधार पडला. एका घराच्या ओट्यावर बसले. घरातल्या मावशींनी कोरा चहा आणून दिला, हाताला हळद लावली आणि विचारलं, "एकट्याच आला व्हय? मालक कुठं हाईत?"

मी म्हणाले, "मालक नाहीत. मी आणि मुलगी, दोघीच असतो."

रागाने नाही म्हणाले. फार सहज आलं ते तोंडातून, आणि त्याचीच मला भीती वाटली. पुढचे दोन तास मी त्या ओट्यावर नागपूरचं घर लावलं. लेकीचं पाळणाघर, दूध, स्कूटर, सगळं. त्यात हा कुठेच नव्हता.

दहा वाजता वाटेवर टॉर्च दिसली. डोंगराला वळसा घालून पायी आला होता, गुडघ्यापर्यंत धूळ. मावशींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत. त्यालाही चहा दिला.

मी नागपूरला गेले नाही. त्याने अडवलं म्हणून नाही, हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. तेव्हाची मी समोर आली तर म्हणेल, खोटं बोलतेस, थकली होतीस म्हणून राहिलीस. मी तिला म्हणेन, तू दोन तासांत घर लावलंस, त्यात भाडं किती ते धरलं नव्हतंस. यावर ती हसेल. आमचं दोघींचं अजून मिटलेलं नाही.

आणि याचं चुकलं होतं, हेही मी सोडलेलं नाही. पण रात्रीचा तो एवढं चालून आला, हेही खोडता येत नाही.

आता गेलो की हा बालेकिल्ल्यावर जातो. मी पद्मावतीच्या देवळाशी, सईबाईंच्या समाधीपुढे बसते. 1659 च्या सप्टेंबरात त्या याच गडावर वारल्या, तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. त्यांच्याविषयी आपल्याला किती कमी सांगतात, एवढंच मनात येतं. तोवर हा घामाघूम होऊन खाली येतो आणि तलावाकाठी आम्ही डबा उघडतो.

ओट्यावर मी काय म्हणाले ते याला कधी सांगितलं नाही. हे वाचून आज कळेल.

चार वाजले की हा पाण्याची बाटली सॅकमध्ये घालतो आणि विचारतो, "कुठल्या दाराने?" 2002 पासून विचारतो, दरवर्षी. मी अजून एकदाही पटकन सांगितलेलं नाही.